चावरे बूट

ग्लोगिनो, ३ ऑक्टोबर १९९४

रुमेनावहिनी,

तुम्ही बुर्गासला लेकीकडे गेल्यापासून मी एक ओळ खरडली नाही, म्हणून रागावला असाल. रागवा. मी बंदूक धरणारा एकटा माणूस, पेन धरलं की बोटं अवघडतात. पण आता पाणी गळ्याशी आलंय. गळ्याशी नाही, घोट्याशी.

झालंय असं की शिकारी संघाने यंदा आम्हा सगळ्यांना नवे बूट दिले. आमच्या टोळीचा म्होरक्या आता दोब्री. त्याने चौकात खोकी उघडून एकेकाच्या हातात असे बूट ठेवले, जणू स्वतःच्या म्हशीचं दूध काढून दिलं असावं. दिसायला झकास आहेत हो. उंच, तपकिरी, पितळी आकड्यांचे. पण घालून बघा! ते कातडं नाही, दाराची फळी आहे. आतली कड दोन्ही घोट्यांना अशी चावते की काय सांगू. रविवारी रानडुकराच्या मागावर वरच्या कुरणापर्यंत गेलो खरा, पण उतरताना म्हाताऱ्या बकरीसारखा एकेक पाऊल चाचपत आलो. दोब्री सगळ्यांदेखत म्हणतो, "काय कोस्तादिनबाबा, नवरीचे बूट घालून आलात का?" मी म्हटलं, "तुझ्या सासूचे आहेत, परत मागितलेत तिने." लोक हसले, पण माझ्यावरच जास्त हसले.

आसेन असता तर ही वेळ आली नसती. तुमच्या नवऱ्याने मला जन्मभर बूट शिवून दिले, वहिनी. त्याच्या हातचा बूट पहिल्या दिवशीही कधी चावला नाही. तो गेल्यावर त्याचा शेवटचा जोड मी ठिगळं लावून-लावून ओढला. आता त्याला टाचच उरली नाही. नवं कातडं तो मऊ कसं करायचा? तुम्ही शेजारी बसून दोऱ्याला मेण लावायच्यात, तुम्हाला ठाऊक असणार. तेवढं कळवा.

बाकी ठीक. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे खिळ्याला आहे, अधूनमधून जाऊन खिडक्या उघडतो. अक्रोड यंदा फांद्या मोडतील इतके लागलेत. माझा मुर्जो आता म्हातारा झाला, ऐकू कमी येतं, पण रस्त्याने जाताना तुमच्या फाटकापाशी अजून थांबतो आणि बसून राहतो. कुत्र्याला काय कळतंय.

कोस्तादिन

बुर्गास, ११ ऑक्टोबर

कोस्तादिनभावजी,

मी गाव सोडलं फेब्रुवारीत आणि तुमचं पत्र आलं ऑक्टोबरात. तेही बुटांसाठी. धन्य आहात! पाकिटावर तुमचं अक्षर पाहिलं. म्हटलं, गावात कुणी गेलं असेल, त्याशिवाय हा माणूस लेखणी उचलायचा नाही. उभ्या उभ्याच उघडलं, तर आत काय? घोटे!

बरं, आता नीट ऐका. जव भिजवून दोन्ही बुटांत गच्च भरा आणि वर फडकं बांधा. रात्रीत दाणा फुगतो आणि कातडं ताणून धरतो. सकाळी दाणे काढा, बूट ओलसर असतानाच पायात चढवा आणि अंगणात फिरा. मग मेण आणि हंसाची चरबी कोमट करून कडेला आतून-बाहेरून चोळा. सगळ्यात शेवटी घोटभर राकिया दारू शिंपडा. बुटावर. तुम्हाला ओळखते म्हणून स्पष्ट लिहिलं.

मी इथे मजेत आहे. म्हणजे सगळे म्हणतात की मी मजेत आहे. नळाला गरम पाणी येतं. रालित्सा मला इकडची काडी तिकडे करू देत नाही. "आई, तू बस," म्हणते. मी बसते. बाल्कनीतून समुद्र दिसतो. सुंदर आहे म्हणतात, असेलही. पण त्याला ना चढ ना उतार, नजर टेकवायची तरी कुठे? आपल्याकडे खिडकी उघडली की डोंगर समोर ठाकलेला असायचा. येता-जाता कुणीतरी विचारायचं, काय रुमेना, काय शिजतंय? इथे शेजारणीचं नावसुद्धा मला दारावरच्या पाटीवरून कळलं.

एक काम आहे. जावई म्हणतो, रिकामं घर कुजतं, विकून टाकू. प्लोव्दिवचं एक जोडपं पाहायला येणार आहे. किल्ली तुमच्याकडे आहे, तर तुम्हीच दाखवा. मी अजून हो म्हटलेलं नाही. हो म्हणायला जीभ रेटत नाही आणि नाही म्हणायला कारण सापडत नाही. रालित्सा विचारते, "तिथे एकटी राहून करणार काय?" काय सांगू तिला? अक्रोड झोडायला ये म्हणून एखाद्या माणसाने बोलावलं असतं, तर आले असते. कुत्र्याचा निरोप मात्र पोचला.

रुमेना

ग्लोगिनो, २२ ऑक्टोबर

रुमेनावहिनी,

जवाचा प्रयोग केला. तुम्ही एक रात्र म्हणालात. मी म्हटलं, एका रात्रीत ताणतं, तर आठवडाभर ठेवलं तर पायमोजाइतकं सैल होईल. बूट चुलीच्या उबेला ठेवले आणि विसरलो. परवा बघतो तर बुटांतून हे एवढे हिरवे कोंब! नेमकी गाना टपालाची थैली घेऊन दारात. आता तिने पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं. काल दुकानात दोब्री विचारत होता, "बाबा, डाव्या बुटात जव, तर उजव्यात काय, बटाटे?" कोंब कोंबड्यांनी खाल्ले. राकिया अर्धी बुटांना दिली, अर्धी मला. अन्याय कुणावर केला नाही.

एवढं करून बूट चावायचे ते चावतातच. नवल म्हणजे सकाळी बूट सुतासारखे सरळ असतात, दुपार झाली की उलटतात.

तुमचे पाहुणे येऊन गेले. बाईच्या अंगात पांढरी विजार, पायात कापडी बूट. मी घर नीट दाखवलं आणि जे आहे ते सांगितलं. थंडीत वाऱ्याने छपराच्या फरश्या सरकतात म्हटलं. विहीर उन्हाळ्यात रुसते म्हटलं. बर्फ पडला की पाव मिळत नाही, तेही सांगितलं. आणि अस्वल येतं. बाईने विचारलं, "कुठे येतं?" मी म्हटलं, "इथेच. अक्रोड खातं आणि त्या बाकावर बसतं." दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. चहासुद्धा न घेता गेली. परत येतील असं काही मला वाटत नाही. फार वाईट झालं.

अक्रोड मी झोडून पोत्यात भरून ठेवलेत. तुम्हाला येण्याची तसदी नको.

कोस्तादिन

बुर्गास, ३० ऑक्टोबर

भावजी,

अस्वल बाकावर बसतं! पाय सोडून बसतं की मांडी घालून, तेही सांगायचं होतं त्यांना. मी इतकी हसले की रालित्सा स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, काय झालं?" तिला वाटलं मी रडतेय. तिचंही चुकलं नाही, मागच्या आठवड्यात रडतच होते.

ग्लोगिनोत अस्वल शेवटचं दिसलं ते तुमच्या आजोबांना, आणि तेही लग्नाहून परतताना. मग आता खरं बोला. पाहुण्यांना पळवून का लावलंत? घर विकू नये असं वाटत असेल तर कारण लिहा. कारण असेल तर मी लेकीपुढे आणि जावयापुढे ताठ उभी राहीन. नसेल तर उगाच माणसांना घाबरवू नका.

आणि तसदी नको म्हणे! अहो, तसदीच हवी होती मला. इथे कुणी कसलीच देत नाही.

बुटांचं म्हणाल तर आता शेवटचा उपाय. आसेनच्या कामाच्या खोलीत वरच्या फळीवर लाकडी फर्मे आहेत. गावातल्या प्रत्येकाच्या पायाचा एक, पाय बघून हाताने कोरलेला. तुमचा ओळखू येईल. तुमचा घोटा जरा बाहेर येतो, म्हणून त्याने तिथे चामड्याची चकती ठोकली आहे. तो फर्मा बुटात ठोकून बसवा आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. त्यानेही बूट वळणावर आले नाहीत तर दोब्रीच्या डोक्यात घाला.

रुमेना

ग्लोगिनो, ९ नोव्हेंबर

रुमेनावहिनी,

फर्मा सापडला. चकतीसकट. आसेनच्या खोलीत अजून मेणाचा वास येतो. मी त्याच्या तिवईवर जरा बसलो. जरा म्हणजे बराच वेळ. घर आतून गार पडलंय, भिंतींना ओल धरलीय, म्हणून चूल पेटवली. धुराड्यातून धूर निघालेला पाहून दोब्रीची बायको एप्रनवरच चढ चढून आली. "रुमेना आली का? रुमेना आली?" मी म्हटलं, नाही गं, मीच आहे. तिचं तोंड एवढंसं झालं. माझंही झालं असावं, कारण तिने मला ओढत घरी नेलं आणि दोन वाडगे घेवड्याचं सूप पाजलं.

कारण विचारलंत. कारण काय असणार? गावातलं एक घर कमी झालं की चुटपुट लागते, एवढंच.

आता बुटांचं ऐका, यात काहीतरी भुताटकी आहे. फर्मा आत ठोकायला गेलो तर ठोकावा लागलाच नाही. अलगद आत गेला, वर बोटभर जागा उरली. म्हणजे माझ्या पायाला हे बूट सैल व्हायला हवेत, नाही का? पण संध्याकाळी पाय घालतो तर जात नाही. गेला तर निघत नाही. मोज्याची कड नडगीत रुतते आणि सकाळपर्यंत वळ राहतो. अंगठ्याने दाबलं तर कणकेत दाबावं तसा खड्डा पडतो. या कातड्याला कसलं तरी औषध लावलेलं असणार, ते पायात उतरतंय. दोब्रीला सांगितलं, तर तो म्हणतो बाकी कुणालाच काही होत नाही.

रविवारी मी टोळीच्या मागे राहिलो. दम लागला होता, पण मी सांगितलं बूट चावतात. हल्ली आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, म्हणून उश्या रचून टेकून झोपतो. वय झालं, दुसरं काय. तुम्ही म्हणा, आता बुटांचं काय करू? जाळू?

कोस्तादिन

बुर्गास, १६ नोव्हेंबर

कोस्तादिनभावजी,

बुटांना हात लावू नका. बुटांचा काही दोष नाही.

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी खालच्या गावच्या दवाखान्यात जा. बसने जा, चालत नको. आसेनचे पाय असेच सुजायचे. तोही म्हणायचा, कातडं आखडलं. दुसऱ्याचे बूट बेतणारा माणूस, स्वतःच्या बुटाला दोनदा उसवून मोठं केलं त्याने आणि मी शेजारी बसून दोरा दिला. तोही उश्या रचून झोपायचा. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्याच्या छातीने दगा दिला, आणि आम्ही दोघं बुटाला शिव्या देत बसलो होतो.

मी पुन्हा तसं बसायची नाही. कळलं? तुमचं पत्र वाचलं आणि पुन्हा वाचलं. कुणी बघू नये म्हणून बाथरूममध्ये कडी लावून बसले. तुम्हाला काही झालं तर त्या गावात माझं म्हणायला काय उरतं? अक्रोडाचं झाड?

डॉक्टरने जे सांगितलं ते एकही शब्द न गाळता लिहा. नाही लिहिलंत तर माझं हे शेवटचं पत्र समजा. धमकी नाही, खरं सांगते.

रुमेना

ग्लोगिनो, २८ नोव्हेंबर

रुमेनावहिनी,

गेलो होतो. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची आहे, पण जीभ तुमच्यासारखी. पाय बघितले, छातीला नळी लावली आणि म्हणाली, "आजोबा, इतके दिवस काय करत होतात?" मी म्हटलं, "बुटात जव पेरत होतो." तिला वाटलं माझं डोकंही गेलंय.

हृदय दमलंय म्हणते. पाणी अंगात साचतं ते खाली पायात उतरतं. गोळ्या दिल्या आहेत. मीठ बंद, राकिया बंद. चढ बंद. जिने बंद. थोडक्यात, माणूस बंद. पण वेळेवर आलात म्हणाली. अजून उशीर झाला असता तर डोंगरातच आडवा झालो असतो. तेव्हा वहिनी, माझा जीव तुम्ही बुर्गासहून वाचवलात. आभार कसे मानायचे ते मला कळत नाही.

गंमत बघा. गोळ्यांनी सूज उतरली. काल बूट घातले तर असे बसले, जणू आसेननेच शिवलेत. चावणं नाही, काही नाही. आणि आता त्यांना न्यायला डोंगर नाही. दोब्रीला सांगावं लागलं. मला वाटलं टोमणा मारेल. त्याने टोपी काढली आणि तसाच उभा राहिला, ते टोमण्याहून वाईट होतं. मग म्हणाला, "बाबा, तुमची जागा आता शेकोटीपाशी. तुम्ही कढई सांभाळा." म्हणून रविवारी खाली ओढ्याकाठी बसलो. ते सगळे वर गेले. वरून कुत्र्यांचा आवाज यायचा, मुर्जो माझ्या पायाशी बसून कान टवकारायचा. त्याला आता कमी ऐकू येतं तरी. मलाही वर जावंसं वाटत होतं. पण खरं सांगू, मला सारखं वाटत होतं की कुणीतरी शेजारी बसावं आणि म्हणावं, कढई उतू जातेय, लक्ष कुठाय?

घराचं पुढे काय झालं? ते जोडपं परत काही बोललं का? तुम्ही काहीच लिहीत नाही.

कोस्तादिन

बुर्गास, ५ डिसेंबर

भावजी,

देव पावला. गोळ्या चुकवू नका. मिठाचं दोब्रीच्या बायकोला सांगून ठेवा, तिच्या सुपात मुठीने असतं.

इथे थंडी पडलीय. समुद्र करडा झालाय आणि किनाऱ्यावर कुणी नसतं. मी रोज खाली जाऊन चक्कर मारते. पाण्याच्या कडेने चालत राहिलं तर रस्ता कुठेच पोचत नाही, हे मला अजून अंगवळणी पडलेलं नाही. रालित्साने मला नवा कोट घेतला. छान आहे. जावयाला, प्लामेनला, खोकला झालाय. मासे ताजे मिळतात.

आणखी काय लिहू. तब्येत जपा.

रुमेना

ग्लोगिनो, १४ डिसेंबर

रुमेनावहिनी,

मासे, कोट आणि जावयाचा खोकला कळला. घराचं कळलं नाही. असो.

मला एक सांगायचंय. गानाने किंवा दोब्रीच्या बायकोने आधीच फोन केला असेल, तरी माझ्याकडूनही ऐका.

रविवारी आमच्या टोळीने मोठं डुक्कर मारलं. खाली आणून सोललं, नेहमीसारखे बर्फावर फांद्या अंथरून वाटे घातले. जितकी माणसं तितके वाटे, मीही धरून. चाकूने वाटे घालताना मी कढईपाशी होतो, मला कुठला वाटा कसा ते दिसलेलं नव्हतं, म्हणून दोब्री म्हणाला, "बाबा, आज नावं तुम्ही घ्या." तुम्ही कितीदा पाहिलंय ते. मी ओक झाडाकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो. मागून दोब्री एकेका वाट्यावर काठी ठेवून विचारणार, "हा कुणाचा?" आणि मी जे नाव घेईन त्याचा तो. एकदा तोंडातून गेलेलं नाव परत फिरत नाही, आमच्या बापजाद्यांपासूनचा नियम आहे.

"हा कुणाचा?" "मितार." "हा कुणाचा?" "झ्लाटान." असं चाललं होतं. ओकाच्या सालीवर बर्फ चिकटला होता, मी तो बघत होतो. दोब्रीने विचारलं, "हा कुणाचा?" आणि मी म्हटलं, "रुमेना."

मागून पुढचा प्रश्न येईना. मला वाटलं कुणाला ऐकू आलं नसेल. मी मागे वळलो नाही, वळायची हिंमतच नव्हती. झ्लाटान हळूच म्हणाला, "बाबाला आसेन म्हणायचं असेल, जुन्या सवयीने." दोब्री म्हणाला, "आसेनचा वाटा असता तर आसेनचं नाव निघालं असतं. नाव निघालं, वाटा झाला. पुढे चला." आणि विचारत राहिला. शेवटी सगळे वाटे संपले आणि माझं नाव राहून गेलं. मला वाटा नाही. कुणी हसलं नाही, वहिनी. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी आपापल्या पिशव्या भरल्या आणि माझ्याकडे न बघता "येतो बाबा, येतो बाबा" करत निघाले.

का निघालं ते विचारू नका. निघालं.

वाटा तुमचा आहे. मांडीचा आहे, चांगला आहे. धुवून, मीठ लावून तुमच्या चुलीवरच्या आकड्याला टांगलाय आणि रोज थोडा धूर देतो. मालकाने येऊन न्यायचा असतो. दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

कोस्तादिन

बुर्गास, १९ डिसेंबर

कोस्तादिन,

फोन आधी गानाचा आला, मग दोब्रीच्या बायकोचा, मग खुद्द दोब्रीचा. तो म्हणाला, "रुमेनाकाकू, बाबा वहिनी म्हणाले नाहीत, बरं का. नुसतं रुमेना म्हणाले." म्हणून मीही आज भावजी लिहीत नाही.

आता माझंही ऐक. तू घराचं विचारलंस आणि मी कोट आणि मासे लिहिले, कारण माझी सही होऊन गेली होती. घर विकलं मी. प्लोव्दिवच्या त्या बाईने प्लामेनला सांगितलं, "तिथे अस्वल येतं हो, अगदी अंगणात! एवढं खरं रान दुसरीकडे कुठे मिळणार?" अस्वलासाठी घेतलं त्यांनी घर, कोस्तादिन. तुझ्या अस्वलाने ते विकलं. नवीन वर्षानंतर ती माणसं राहायला येतील. तेव्हा माझा वाटा त्यांच्या चुलीवरून काढून ठेव.

सही करायच्या दिवशी कारण शोधायला मी तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. मी उघड विचारलं होतं की कारण असेल तर लिही. तू काय लिहिलंस? गावातलं एक घर कमी होतं म्हणून चुटपुट लागते. चुटपुट! चुटपुटीसाठी बाई लेकीचं घर सोडून येत नाही. मी सही केली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. तुझ्यावर इतका राग आला होता की तू समोर असतास तर तोच फर्मा डोक्यात घातला असता.

आता गावात माझं दार नाही. खिडक्या उघडायचं, ओल घालवायचं, कुठलंच निमित्त नाही तुलाही आणि मलाही. म्हणजे मी आले तर सरळ तुझ्याच दारात यावं लागेल, सगळ्या गावासमोर, पिशवी घेऊन. रालित्साला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्यांनी बोलावलंय का तुला?" मी म्हटलं, "डुकराच्या मांडीवर बोलावलंय." ती हसली नाही. बरोबरच आहे तिचं.

झाडाकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून तू माझं नाव घेतलंस. त्या नावावर मांसाचा वाटा मिळतो. तेवढ्यावर मी घर मांडायला येणार नाही. माझी साठी उलटलीय, तरी येणार नाही. मी येईन म्हणून रोज रात्री मनात पिशवी भरते, आणि तरी येणार नाही.

तोंड माझ्याकडे करून बोल.

रुमेना

बुर्गास, २३ डिसेंबर

रुमेना,

ही चिठ्ठी तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईच्या हाती वर पाठवतोय. तिचं नाव मला ठाऊक नाही, तूच पाटी वाच. तुझी इमारत चार मजले आणि लिफ्ट बंद. डॉक्टरीणबाईने जिने चढायला मनाई केलीय आणि मला आज मरायचं नाही.

दोब्रीने पहाटे मला बसमध्ये बसवलं. दुपारपर्यंत बसून आलो. वाटेत समुद्र दिसला. तू म्हणालीस तसाच आहे, नजर टेकायला जागा नाही.

मी खाली फाटकापाशी उभा आहे. टोपी काढून, तुझ्या बाल्कनीकडे तोंड करून. लोक बघतायत, बघू देत. मघापासून हाक मारतोय, पण वारा फार आहे आणि माझा दम पुरत नाही, म्हणून लिहितो. तू गेलीस तेव्हापासून मला करमत नाही. आसेन गेला तेव्हा मित्र गेला म्हणून रडलो. तू गेलीस तेव्हा कुणासाठी रडतोय हेसुद्धा कुणाला सांगता येईना. घर तुझं नको होतं मला, तू हवी होतीस. ते एवढंच लिहायचं होतं आणि मी अस्वल लिहिलं.

माझ्या घरी चल. माझी बायको हो. नाही म्हणायचं असेल तरी खाली येऊन, माझ्याकडे बघून म्हण.

परतीची बस संध्याकाळी आहे. मी दोन तिकिटं काढलीत.

कोस्तादिन